मणक्याच्या ऑपरेशननंतरची सक्शनची पट्टी आणि तिची चाचणी: सोलापूरच्या वॉर्डात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मणक्याच्या वॉर्डात ड्रेसिंगची ट्रॉली ढकलण्यात माझी बरीच वर्षं गेली. डॉक्टरांचा राउंड पुढच्या खोलीकडे सरकला की नातेवाईक हळूच ट्रॉलीपाशी येतात आणि मनातले प्रश्न तिथे बाहेर पडतात. साहेबांसमोर माना डोलावलेल्या असतात, माझ्याकडे आल्यावर, "सिस्टर, ते मशीनचं काय म्हणाले हो?" माणसं सोलापुरातली असोत, अक्कलकोट-बार्शी-मंगळवेढ्याची असोत की तिकडून इंडी-विजापूरकडून आलेली, प्रश्न तेच. म्हणून लिहून काढले. हे कुठल्या एका हॉस्पिटलच्या चाचणीबद्दल नाही. "अशा चाचणीत भाग घेता का?" असं तुम्हाला कोणी विचारलं तर काय समजून घ्यायचं, ते इथे आहे. तुमच्या जखमेबद्दल शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा.

ही सक्शनची पट्टी म्हणजे नक्की काय?

टाके घातलेल्या जखमेवर स्पंजसारखा एक थर ठेवतात. त्यावर पारदर्शक चिकट पडदा लावून चारही बाजूंनी हवाबंद करतात. पडद्यातून एक नळी निघते ती छोट्या पंपाला जोडलेली असते. पंप सुरू झाला की आतली हवा ओढली जाते आणि फुगीर स्पंज आक्रसून मनुक्यासारखा सुरकुततो. बोट लावलं तर कडक लागतो. जखमेतून झिरपणारं रक्त-पाणी नळीतून डबीत जातं. काही लहान पंपांना डबीच नसते. ओल पट्टीत शोषली जाते आणि बरीचशी वरच्या पडद्यातून उडून जाते.

केसपेपरवर 'एनपीडब्ल्यूटी' लिहिलेलं दिसेल, म्हणजे 'निगेटिव्ह प्रेशर वूंड थेरपी'. वॉर्डात कोणी 'व्हॅक' म्हणतं, कोणी 'सक्शन'. 'ऋणदाब उपचार' असा मराठी शब्द आहे खरा, पण तो मी आजवर एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलेला नाही.

'निगेटिव्ह' म्हणजे चांगलं की वाईट?

कोविडपासून निगेटिव्ह म्हणजे सुटलो, असं डोक्यात बसलंय. इथे दोन्ही नाही. पट्टीखालचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी आहे, एवढाच अर्थ. बीपी ज्या मापात सांगतो त्याच मापात, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, हा दाब मोजतात. बरीचशी मशीन तो १२५ नं कमी ठेवतात, काही छोटे पंप ८० नं. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० असतो, म्हणजे १२५ हा त्याचा साधारण सहावा हिस्सा. ताकाच्या पिशवीला स्ट्रॉ लावून ओढलं की पिशवी कशी आत बसते, तसंच काहीसं.

टाके घातलेली जखम तर बंदच असते. मग ओढून काढायचं काय?

वरून बंद असते. आत मात्र मणक्यापर्यंत पोचायला पाठीचे जाड स्नायू हाडापासून सोडवून दोन्ही बाजूंना ताणून धरलेले असतात, मोठ्या ऑपरेशनात तासन् तास. स्क्रू-रॉड बसवून स्नायू परत जागेवर आणले तरी मधे पोकळी राहते, तिथे रक्त-पाणी साठतं आणि साठलेलं पाणी जंतूंच्या पथ्यावर पडतं.

त्यासाठी सर्जन आत ड्रेनची नळी टाकतात. ती वेगळी आणि ही पट्टी वेगळी. यात पुष्कळांची गल्लत होते. ड्रेन जखमेच्या आतून येतो, पट्टी कातडीच्या वर बसते. पट्टीचं काम असं मानलं जातं: जखमेच्या कडा एकमेकींकडे दाबून ठेवायच्या, टाक्यांवरचा ताण उतरवायचा, वर झिरपलेलं लगेच शोषायचं आणि बाहेरची घाण आत जाऊ द्यायची नाही. 'मानलं जातं' हे मी मुद्दाम म्हणतेय. पुढे कळेल का ते.

पाठीच्या जखमेचंच एवढं कौतुक का? पोटाची, पायाची जखम भरतेच की.

पाठीचीही भरते. बहुतेकांची साध्या पट्टीखाली, दहा-बारा दिवसांत टाके काढण्याजोगी होते. पण पाठीची गोम अशी की पेशंट उताणा झोपतो, म्हणजे जखमेवरच झोपतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर मुक्काम ठोकून असतो. पत्र्याच्या घरात पाठ कोरडी राहील कशी? जखम कमरेत खाली असेल तर बेडपॅन घेताना घाण लागायची धास्ती. आणि आत धातू असेल तर जंतू त्यावर चिकट थर करून बसतात, तिथवर अँटिबायोटिकचा हात नीट पोचत नाही. अशा जखमांत सगळ्यात जास्त सापडणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू बाहेरून यायला हवा असंही नाही, पुष्कळ धडधाकट माणसांच्या नाकात तो नांदतच असतो.

ज्याची जखम पिकली त्याला पुन्हा थिएटर, आठवडेच्या आठवडे इंजेक्शनं, कधी स्क्रू काढायची पाळी. यंत्रमागावरचा माणूस दोन महिन्यांचा हिशेब करून आलेला असतो, तो सहा महिने घरी बसतो. विडी वळून घर चालवणाऱ्या बाईला तर मांडी घालून बसायलाच येत नाही.

डॉक्टर ही पट्टी वापरतातच, मग चाचणी कशाला? आमच्यावर प्रयोग?

हा प्रश्न रागानं येतो आणि मला आवडतो.

डबीत लालसर पाणी साठलेलं दिसलं की सगळ्यांना बरं वाटतं. नातेवाइकांना, पेशंटला, खरं सांगायचं तर मलाही. "एवढी घाण बाहेर पडली बघा!" एका आजींनी तर शेजारच्या खाटेवरच्या बाईला डबी दाखवून, "तुझं आतच राहिलं गं" असं ऐकवलं होतं. ती बिचारी दोन दिवस झोपली नाही. पण ते पाणी म्हणजे घाण नव्हतं. ताज्या जखमेतून ते पाझरतंच, आणि साध्या पट्टीखाली शरीर ते आपलं आपण जिरवतं. डबीत किती मिलिलिटर आलं यावरून इन्फेक्शन टळलं की नाही, हे कळत नाही. त्यासाठी सारख्याच पेशंटांचे दोन गट करून, एकाला मशीन आणि एकाला साधी पट्टी लावून, तीन महिने वाट बघावी लागते. त्यालाच चाचणी म्हणतात.

या उपचाराचा जन्मही बंद जखमेसाठी झालेला नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे लुई आर्जेंटा आणि मायकेल मोरिक्वास यांनी डुकरांवरचे प्रयोग आणि रुग्णांवरचा अनुभव छापला, तो उघड्या, चिघळलेल्या जखमांबद्दल होता. तिथे मांस कसं भरून येतं ते डोळ्यांना दिसतं. टाके घातलेल्या जखमेवर, इन्फेक्शन होण्याआधीच पट्टी लावायची कल्पना नंतरची. तिथे डोळ्यांना दिसण्यासारखं काही नसतं, म्हणून मोजावं लागतं.

मग आजवर मोजून काय निघालं?

थोडं इकडचं, थोडं तिकडचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये ऑपरेशनच्या जखमांबद्दल मार्गदर्शन काढलं. त्यात जास्त धोक्याच्या बंद जखमांवर ही पट्टी वापरावी असं सुचवलंय, पण सशर्त, आणि हाताशी असलेली साधनसामग्री बघून. कॉक्रेन ही जगभरच्या चाचण्या गोळा करून तपासणारी संस्था. तिच्या २०२२ च्या आढाव्यात तऱ्हेतऱ्हेच्या ऑपरेशनांवरच्या साठाहून अधिक चाचण्या एकत्र मांडल्या आहेत. त्यात साध्या पट्टीला शंभरात साधारण बारा इन्फेक्शनं, तर या पट्टीला नऊ असं दिसलं. सोबत कातडीवर फोड जास्त, हेही दिसलं.

दुसरीकडे ब्रिटनमधली 'व्हिस्ट' ही मोठी चाचणी २०२० मध्ये छापून आली. अपघातात पाय मोडलेले १५४८ पेशंट. तीस दिवसांत खोलवरचं इन्फेक्शन मशीनवाल्यांत ५.८४ टक्के, साध्या पट्टीत ६.६८ टक्के. आकडा खाली आहे, पण एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असा संख्याशास्त्राचा कौल.

मणक्याचं म्हणाल तर पुरावा अजून किरकोळ आहे. २०१४ मध्ये लांब पल्ल्याच्या फ्युजनच्या, म्हणजे बरेच मणके एकमेकांना जोडून टाकण्याच्या ऑपरेशनच्या, १६० पेशंटांची एक पाहणी छापली गेली. त्यात इन्फेक्शन शंभरात साधारण पंधरावरून अकरावर आलेलं दिसतं. पण ती मागे वळून जुने कागद चाळलेली पाहणी. कोणाला पट्टी लावायची ते चिठ्ठीनं ठरलं नव्हतं. एखाद्या डॉक्टरनं पट्टी वापरायला सुरुवात केली त्याच सुमाराला थिएटरमधल्या आणखी चार सवयी सुधारल्या असतील, तर श्रेय कोणाचं? २०१६ मध्ये मणक्याच्या फ्रॅक्चरवर एक चाचणी झाली, चिठ्ठीनं गट पाडलेली. सोनोग्राफीत मशीनवाल्यांच्या जखमेखाली पाणी कमी साठलेलं दिसलं. पेशंट होते वीस. पाणी कमी साठणं आणि पू न होणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते वीस पेशंटांत मोजता येत नाही.

किती पेशंट लागतात मग?

ढोबळ हिशेब सांगते, आमच्या इथल्या एका रेसिडेंट डॉक्टरांनी मला ड्रेसिंगच्या कागदामागे करून दाखवला होता. समजा शंभरात चार जणांना इन्फेक्शन होतं आणि पट्टीनं ते दोनावर येतं. हा फरक पाचातल्या चार वेळा तरी हाती लागावा असं वाटत असेल तर प्रत्येक गटात साधारण साडेअकराशे पेशंट हवेत, दोन्ही मिळून तेवीसशेच्या आसपास. तेच जास्त धोक्याचे पेशंट घेतले आणि बारावरून सहावर येईल असं धरलं, तर प्रत्येक गटात साडेतीनशेच्या आसपास भागतं.

म्हणून अशा चाचण्यांत शुगरवाले, वजन जास्त असलेले, तंबाखूवाले, दुसऱ्यांदा ऑपरेशन होणारे, चार-पाच मणक्यांना स्क्रू लागलेले पेशंट मुद्दाम शोधतात. "मलाच का विचारलं, माझं जास्त बिघडलंय का?" असं मनात आलं तर हे लक्षात घ्या. आणि म्हणूनच एका हॉस्पिटलच्या जिवावर अशी चाचणी सहसा पुरी होत नाही.

चाचणीत आलो तर मशीनच मिळेल ना?

नाही. संगणक ठरवतो, किंवा आधीच बंद करून ठेवलेलं पाकीट. सर्जनलाही ते निवडता येत नाही, येऊ द्यायचं नसतं. डॉक्टरनं निवडलं तर अवघड पेशंटला मशीन आणि सोप्याला साधी पट्टी असं होणार, आणि शेवटी मशीनवाल्यांचंच जास्त बिघडलेलं दिसणार.

एका मुलानं मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "सिस्टर, काही करून मशीनचं पाकीट निघेल असं बघा की." पेशंट त्याचा बाप होता, त्याची कळकळ खरी होती. मी म्हटलं, दादा, मशीननं फायदा होतो हे मला ठाऊक असतं तर पाकीट कशाला ठेवलं असतं?

साधी पट्टी वाट्याला आली तर नुकसान झालं म्हणायचं?

तीच पट्टी आज देशातल्या बहुतेक मणक्याच्या जखमांवर लागते. अँटिबायोटिक, शुगरवर लक्ष, टाके, तपासण्या सगळं दोन्ही गटांना सारखंच. उलट चाचणीत असल्यामुळे जखम जरा जास्त वेळा आणि जास्त बारकाईनं बघितली जाते, दोन्ही गटांची.

पट्टी दिसतेच की. मग तपासणारा डॉक्टर मशीनच्या बाजूनं झुकणार नाही का?

बरोबर पकडलंत. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. खोटा गुरगुरणारा पंप देणं अवघड. म्हणून पट्टी काढल्यानंतर जखमेचा फोटो घेतात आणि इन्फेक्शन आहे की नाही ते अशा डॉक्टरांकडून ठरवून घेतात ज्यांना कोणाला काय लावलं होतं हे ठाऊक नसतं. अशा वेळी तुमचं एक काम: तपासणाऱ्यांसमोर "मला मशीन होतं" असं सांगून टाकू नका. सांगायची फार इच्छा होते, मला माहीत आहे.

ही पट्टी कोणाला लावतच नाहीत?

सगळ्यात महत्त्वाचं मणक्यापुरतं सांगते. मज्जारज्जूभोवती एक पातळ पिशवी असते, डॉक्टर तिला ड्यूरा म्हणतात. तिच्यात पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो, तोच मेंदूभोवतीही. ऑपरेशनमध्ये कधी कधी ही पिशवी फाटते. सर्जन ती तिथेच शिवतात. पण गळती राहिली आणि वरून पंप ओढत बसला, तर तो द्रव खेचला जाऊन मेंदूला आधार कमी पडतो, डोक्यात रक्तस्रावसुद्धा होऊ शकतो. म्हणून ड्यूरा फाटली असेल तर अशा पेशंटला सहसा चाचणीत घेत नाहीत. "ऑपरेशनमध्ये पिशवीला काही झालं होतं का?" हे सर्जनला सरळ विचारा. त्यात त्यांचा अपमान नाही.

बाकी, जखमेत कॅन्सरची गाठ, मेलेलं काळं मांस, हाडातलं उपचार न झालेलं इन्फेक्शन किंवा उघडी रक्तवाहिनी असेल तर नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर फार जपून. चिकटपट्टीची ॲलर्जी असेल तर आधी बोला. हृदयाची स्टेंट टाकलेली माणसं रक्त पातळ होण्याची गोळी सांगायला हमखास विसरतात. "ती तर रोजचीच आहे", म्हणतात.

धोका काय?

कातडीवर पाण्याचे फोड, खाज, चिकट पडद्याखाली पुरळ, हे नेहमीचं. मोठा धोका रक्तस्रावाचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, २००९ आणि २०११ मध्ये या यंत्रांबद्दल सावधानतेच्या सूचना काढल्या. २००७ पासूनचे मिळून १२ मृत्यू आणि १७४ इजा त्यांच्याकडे कळवल्या गेल्या होत्या, सगळ्यात गंभीर कारण रक्तस्राव. हे आकडे सगळ्या प्रकारच्या जखमांचे आहेत, त्यातही उघड्या जखमा आल्या. टाके घातलेल्या पाठीच्या जखमेला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण "यात काही धोका नाही" असं कोणी म्हणालं तर तेही खरं मानू नका.

दुखतं का?

लावताना ओढल्यासारखं वाटतं, काही मिनिटांत सवय होते. काढताना चिकटपट्टीचं दुखतं. केसाळ पाठ असेल तर जरा जास्तच.

सही कोणी करायची? आमच्या घरी मोठा भाऊच सगळं बघतो.

शुद्धीवर असलेला, अठरा वर्षांवरचा पेशंट स्वतःच सही करतो. मोठ्या भावानं ऐकावं, प्रश्न विचारावेत, हवं तर नको म्हणून समजवावं. पण सही त्याची चालत नाही. पेशंटला वाचता येत नसेल तर कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि त्या वेळी चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर हवा. मग अंगठा.

आणि कागद तुमच्या भाषेत हवा. आपल्या सोलापुरात एकाच वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही चालतात. मराठी फर्डं बोलणाऱ्या पद्मशाली आजी छापील मराठीपुढे अडखळतात, हे मी कितीदा पाहिलंय. "मराठी येतं ना तुम्हाला?" याला त्या "हो" म्हणणारच, नाही म्हणायला संकोच वाटतो. तेव्हा तेलुगूतला कागद मागा, कन्नडमधला मागा. कागद घरी न्या, रात्रभर ठेवा, उद्या सांगा. भुलीच्या इंजेक्शनआधी दहा मिनिटं कोणी सही मागत असेल तर "नंतर" म्हणा.

मधेच नको वाटलं तर?

सोडता येतं, कधीही, कारण न देता. ऑपरेशन, औषधं, बेड, कशावरही परिणाम व्हायला नको. झाला तर चाचणीला मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीकडे तक्रार करा. तिचा फोन सहीच्या कागदावर असतो.

चाचणी खरी आहे, हे कसं ओळखायचं?

दोन गोष्टी मागा. एक, नीतिमत्ता समितीची मंजुरी. या समितीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा माणूस आणि डॉक्टरी पेशातला नसलेला सामान्य नागरिकही असतो. दुसरी, सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक. भारतातल्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही २० जुलै २००७ ला सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. ती संगणकावर कोणालाही फुकट बघता येते. पानं इंग्रजीत आहेत, कॉलेजात जाणाऱ्या भाची-पुतण्याला बसवा. किती पेशंट घेणार, काय मोजणार, कोण पैसे देतंय, सगळं तिथे आधीच लिहिलेलं असतं. काय मोजणार हे आधी लिहिलेलं असलं की शेवटी सोयीचं तेवढंच दाखवता येत नाही.

खर्च कोणाचा? काही बिघडलं तर?

चाचणीसाठी लागणारी पट्टी आणि पंप चाचणीच्या खर्चातून येणार का, जादा फेऱ्यांचं गाडीभाडं मिळणार का, हे कागदावर लिहिलेलं बघा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई, असा नियम आहे. ती कोण देणार त्याचं नावही कागदावर हवं.

चाचणीबाहेर पट्टी लावायची ठरली आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का असं विचाराल, तर योजनेतल्या हॉस्पिटलात बसलेल्या आरोग्यमित्राकडे ऑपरेशनच्या आधी जा. नंतर गेलात तर बिल झालेलं असतं.

भिंतीवरच्या सक्शनला नळी जोडून हेच स्वस्तात होतं म्हणे?

होतं, आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी केलंही जातं. फोम, ड्रेनची नळी, वरून पारदर्शक पडदा. उघड्या जखमांवर अशी जोडणी मीही केली आहे आणि तिची मला लाज नाही. पण भिंतीचा दाब वरखाली होतो, पेशंट पलंगाला बांधला जातो आणि नळी निघाली तर सांगणारा अलार्म नसतो. चाचणीत सगळ्यांना एकच दाब हवा, म्हणून तिथे ती चालत नाही.

किती दिवस ठेवायची?

बंद जखमेवर साधारण पाच ते सात दिवस, पट्टी न बदलता. उघड्या जखमेवरचा फोम मात्र दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. पट्टी निघाली म्हणजे चाचणी संपली असं नाही. इन्फेक्शन तीस दिवसांपर्यंत बघतात, स्क्रू-रॉड असतील तर नव्वद दिवसांपर्यंत. पेशंट गळतात ते इथे. जखम भरली, गाडीभाडं कशाला, म्हणून येत नाहीत. पण बऱ्या झालेल्या पेशंटनी यायचं सोडलं तर कागदावर फक्त बिघडलेलेच उरतात, आणि मग सगळा हिशेब वाकडा होतो. यायला जमत नसेल तर फोन उचला. जखमेचा फोटो पाठवा.

रात्री मशीन ओरडलं तर?

घाबरू नका आणि बंदही करू नका. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका काकांची गोष्ट सांगते. मध्यरात्री पिप-पिप सुरू झाली. मुलाला वाटलं बाबांची झोपमोड होतेय, त्यानं बटण दाबून पंपच बंद केला. सकाळी मी पाहिलं तर स्पंज पावासारखा फुगलेला, खाली ओल साचलेली. कारण काय, तर नळी काकांच्या कमरेखाली दुमडली होती. सरळ केली असती तर अर्ध्या मिनिटात आवाज थांबला असता.

तर आधी नळी बघा. मग पडद्याच्या कडा, कुठे सुटलीय का; बारीक शिट्टीसारखा आवाज येतो तिथून हवा आत शिरत असते. मग डबी भरली का, बॅटरी उतरली का. काही कळलं नाही तर फोन करा. डबीच्या मशीनचा पंप दिवसभरात मिळून दोन तासांपेक्षा जास्त बंद राहायला नको.

घरी लाईट गेली तर? अंघोळीचं काय?

बंद जखमेचे पंप बॅटरीवर चालतात. चार्जिंगचा असेल तर लाईट असताना लावून ठेवा, गावाकडे लाईटीचा भरवसा नाही. अंघोळ अंगभर नको, ओल्या फडक्यानं पुसा. तसंही नळाला पाणी काही दिवसांआड येतं तिथे आठवडाभर अंघोळ टळली म्हणून कोणी फार खंत केलेली मी पाहिली नाही.

उन्हाळ्यात घाम हाच खरा शत्रू. पडद्याच्या कडा घामानं सुटतात. लावण्याआधी कातडी पूर्ण कोरडी करणं हे आमचं काम; नंतर कुशीवर झोपणं, सुती कपडा आणि पंखा-कूलर हे तुमचं. पावडर लावू नका, चिकटत नाही.

शुगर थोडीच जास्त आहे, आणि मिशेरी थोडीच.

हे 'थोडीच' मला पाठ झालंय. शुगर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. तंबाखूतलं निकोटिन जखमेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. मिशेरीतही तंबाखूच असतो. पट्टी कुठलीही असो, हे दोन्ही तिच्याखाली चालूच राहतं. खाण्यात डाळ, अंडं, मटकी वाढवा. शेंगाचटणी-भाकरी चालेल की, पण जेवण म्हणजे तेवढंच नको.

पट्टी निघाल्यावर हळद, राख, कडुलिंबाचा पाला?

काही लावायचं नाही. हळद दुधात घ्या.

ताबडतोब कधी यायचं?

डबी किंवा नळी अचानक लालभडक रक्तानं भरायला लागली तर पंप बंद करा, पट्टी काढू नका, वरून हातानं दाबून धरा आणि निघा. पाण्यासारखं स्वच्छ पाणी येत राहिलं आणि उठून बसलं की डोकं ठणकतंय, आडवं झालं की उतरतंय, तर पंप बंद करून आडवे राहा आणि लगेच फोन करा. ही त्या पिशवीच्या गळतीची खूण असू शकते. पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी या. ताप, थंडी, पाठीत वाढतं दुखणं, पू, वास यायला लागला तर त्याच दिवशी दाखवा, सोमवारची ओपीडी गाठायला थांबू नका.

पंप आणि डबी आम्हाला घरी ठेवायला मिळेल का?

नाही हो. नळी-डबी लाल पिशवीत जाते, पट्टी पिवळ्या पिशवीत, आणि पंप परत द्यायचा किंवा एकदाच वापरायचा असेल तर आम्ही टाकून देतो. त्या डबी दाखवणाऱ्या आजींना घरी जाताना पंपाची पिशवी तरी हवी होती, खांद्याला अडकवायची. रिकामी होती, धुतलेली होती; तरी नाहीच दिली.